निवडणूक-खर्चाची फिर्याद

शंकाकार : मास्तर, २०२२ च्या विधानसभेच्या वेळी आपण लेखा पथकात बसून उमेदवारांच्या नोंदवह्या ताडून पाहिल्या आहेत, आणि त्या कामाविषयी आपल्याला वाटणारा अभिमान अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या कायद्याच्या चौकटीत ते काम चालते तिच्याकडे क्षणभर त्रयस्थाच्या नजरेने पाहिले, तर उभे आयुष्य कोर्टकचेऱ्यांत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसालाही हसू आवरत नाही. त्या निवडणुकीत गोव्यातल्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती २८ लाख रुपयांची. एखाद्या पक्षाने चाळीसही जागा लढवल्या आणि प्रत्येक उमेदवाराने ही मर्यादा पैपर्यंत गाठली असे धरले, तरी सर्वांचा मिळून खर्च ११ कोटी २० लाखांच्या वर जाऊ शकत नाही. आता पक्षांनी निवडणूक आयोगाला स्वतः सादर केलेले आकडे पाहा : भारतीय जनता पक्ष १७ कोटी ७५ लाख, काँग्रेस सुमारे १२ कोटी, आम आदमी पक्ष साडेतीन कोटी, आणि चाळीसपेक्षा कमी जागा लढवणारी तृणमूल काँग्रेस ४७ कोटी ५४ लाख. यात लपवाछपवी नाही, कारण लपवण्याची गरजच नाही. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. सर्वांत अधिक खर्च करणाऱ्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही, हे काही सज्जन मोठ्या समाधानाने सांगतात, जणू काही पैसा हरला म्हणजे पैशाचा प्रश्न सुटला. मग आपल्या दफ्तरात तक्रार येते ती कशाची? कोणाच्या सभेला खुर्च्या जास्त होत्या, कोणी भाजीपाव वाटला, कोणाच्या टेंपोला परवाना नव्हता, याची. मोठा पैसा कायद्यानेच मोकळा सोडायचा आणि किरकोळ पैशाच्या तक्रारी मोठ्या कर्तव्यदक्षतेने निकालात काढायच्या, याला आपण सार्वजनिक नीतीचे रक्षण म्हणता काय?

समर्थक : वकीलसाहेब, पक्षाच्या खर्चाविषयी आपण म्हणता त्यात खोट काढण्याजोगे काही नाही, आणि ते भगदाड आपोआप पडलेले नाही हेही मला ठाऊक आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात, पक्षाने उमेदवाराच्या संमतीने त्याच्यासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यावर पडला पाहिजे असा निवाडा दिला, आणि त्याच महिन्यात वटहुकूम निघून तो निवाडा निष्प्रभ झाला. २००३ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ अरुंद झाली खरी, तरी पुढाऱ्यांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही उमेदवाराच्या वहीबाहेरच राहतो. पण म्हणून वहीत जे येते ते क्षुल्लक ठरत नाही. आपण ज्याला किरकोळ म्हणता ते काम कसे चालते ते एकदा पाहा. पेडण्याच्या बाजूला एखाद्या वाड्यावर संध्याकाळी सभा होते. चित्रीकरण पथकाचा मनुष्य मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॅमेरा फिरवतो आणि फिरवता फिरवता मोठ्याने बोलून ठेवतो, की सभा कोणाची, ठिकाण कोणते, खुर्च्या अदमासे किती, ध्वनिक्षेपक किती, मागचा फलक किती फुटांचा, बाहेर उभ्या वाहनांचे क्रमांक काय. दुसऱ्या दिवशी ते चित्रण पाहायला बसलेले पथक खुर्च्या ओळीओळीने मोजते. आम्ही जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे त्यांची किंमत लावतो, ती आमच्या स्वतःच्या वहीत, जिला छाया नोंदवही म्हणतात, चढवतो आणि चित्रण पुराव्याच्या फाइलीला जोडतो. प्रचाराच्या काळात उमेदवाराची स्वतःची वही तीनदा तपासणीसाठी मागवली जाते. तिच्यात दीडशे खुर्च्या आणि आमच्या वहीत चारशे, असे निघाले की नोटीस जाते. मग त्याने एकतर आकडा कबूल करायचा, नाहीतर लेखी कैफियत द्यायची. निकालानंतर ३० दिवसांच्या आत संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे आला पाहिजे, आणि तो आला की कोणीही मनुष्य, मतदार असो वा नसो, एक रुपया फी भरून तो वाचू शकतो. हिशेब दिलाच नाही किंवा विहित रीतीने दिला नाही, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ज्या देशात सावकाराच्या चोपडीत डोके घालण्याची कुळाची कधी छाती झाली नाही, त्या देशात आमदाराची चोपडी एका रुपयात उघडते, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

शंकाकार : चोपडी उघडते हे कबूल, पण तिच्यात न लिहिलेले वाचायला कोण येणार? आणि ते शोधायला निघालेल्या आपल्या पथकांच्या वाटेत काय काय आडवे येते, हे पाहायचे तर आपल्याच तालुक्यातले तेरेखोल घ्या. १७४६ साली पोर्तुगिजांनी सावंतवाडीकरांकडून किल्ला घेतला म्हणून नदीच्या उत्तर तीरावरचे ते एवढेसे गाव गोव्यात राहिले. शेजारचा मुलूख सारा सिंधुदुर्गाचा. गोव्यातून तिथे जायचे तर केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट, नाहीतर नदीला मोठा वळसा घालून महाराष्ट्राच्या हद्दीतून, रेडीच्या अंगाने. आयोगाने २०१८ साली सी-व्हिजिल नावाचे ॲप काढले. त्यावर छायाचित्र टाकले की शंभर मिनिटांत तक्रारीचा निकाल लागावा अशी योजना आहे. तेरेखोलहून कोणी जेवणावळीचे छायाचित्र टाकले, तर भरारी पथकाने आधी फेरीबोटीची वाट पाहायची, आणि ते पलीकडे उतरेपर्यंत तिकडे पाने उचलून झालेली असायची. हे झाले आळशी उमेदवाराचे. जो हुशार आहे तो तेरेखोलच्या मतदारांना तेरेखोलमध्ये जेवू घालणारच नाही. तो त्यांना रेडीला नेईल, जिथे गोव्याच्या विधानसभेपुरती आचारसंहिता लागू नसते आणि उत्तर गोव्याच्या पथकाचा अखत्यार चालत नाही. उलट, नाक्यावर स्थिर पथक कोणाला अडवते? २०२४ ची लोकसभा गोव्यात ७ मे रोजी झाली, ऐन काजूच्या दिवसांत. बिया विकून रोकड घेऊन घरी निघालेल्या बागायतदाराजवळ कसली पावती असते? जप्त झालेले पैसे परत मिळवण्यासाठी जिल्हा समिती आहे हे मला माहीत आहे. परंतु जाळे असे विणलेले आहे की बांगडा अडकतो आणि मोरी निसटते.

समर्थक : रेडीच्या जेवणाबद्दल आपण कायद्याकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. कलम ७७ मध्ये खर्च कुठे झाला हा प्रश्नच नाही; उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने निवडणुकीसंबंधी केलेला किंवा करवलेला सारा खर्च त्याने वहीत मांडायचा आहे. जेवण रेडीत झाले काय नि केरीत झाले काय, छायाचित्र, तारीख आणि एक साक्षीदार मिळाला की ते त्याच्या खात्यावर चढते. अडचण पुरावा गोळा करण्याची आहे, ती मी नाकारत नाही, आणि सीमेवरच्या दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी निवडणुकीआधी बैठक घेतली म्हणून ती सर्वस्वी दूर होते असेही म्हणत नाही. पण आपण आतापर्यंत केलेल्या आक्षेपांत एक गृहीतक दडलेले आहे, की तक्रार करणारा नेहमी प्रतिस्पर्धीच असतो आणि म्हणून तक्रार म्हणजे पराभूताची रड. असेना का प्रतिस्पर्धी! उत्तर प्रदेशात बिसौलीहून २००७ साली निवडून आलेल्या उमलेश यादव यांनी वर्तमानपत्रात बातमीच्या वेषात छापून आणलेल्या जाहिरातीचे २१,२५० रुपये हिशेबात दाखवले नव्हते. तक्रार केली ती त्यांच्याकडून हरलेल्या उमेदवारानेच. ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. वैराने केलेली फिर्यादही खरी असू शकते. किंबहुना दुसऱ्याची वही इतक्या आस्थेने वाचायला वैऱ्यावाचून कोणाला सवड असते?

शंकाकार : २००७ ते २०११! मुदतीची चार वर्षे आमदारकी भोगून झाल्यावर. आपण दिलेले उदाहरण मी माझ्या बाजूने घेतले तर रागावू नका. आणि तेही लहान माणसाचे उदाहरण झाले. मोठ्या माणसाचे आपल्याच भाषेतले आहे. २००९ साली भोकर मतदारसंघातून अशोक चव्हाण निवडून आले, त्या वेळी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. वृत्तपत्रांत त्यांच्या कारकिर्दीच्या स्तुतीने भरलेली पानेच्या पाने आली होती, आणि त्यांच्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते प्रकरण उजेडात आणले, पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर आणि इतरांनी फिर्याद केली. मग आयोगाला हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा अखत्यार आहे की तो मुदतीत नि नमुन्यात आला एवढेच पाहायचे, या एका प्रश्नावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढले. मे २०१४ मध्ये न्यायालयाने अखत्यार आहे असे सांगितले. जुलैमध्ये आयोगाने हिशेब विहित रीतीने दिलेला नाही असा निष्कर्ष काढला. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. आणि ऑक्टोबरात महाराष्ट्रात पुढची विधानसभा निवडणूक होऊन गेली. कोणाचे खरे, कोणाचे खोटे, हा वाद मी येथे काढत नाही. ज्या पाच वर्षांच्या आमदारकीबद्दल फिर्याद होती ती पाच वर्षे फिर्यादीच्या वाटचालीतच संपली, एवढेच मला दाखवायचे आहे. निवडणूक याचिकेचा दुसरा मार्ग आहे. ४५ दिवसांत उच्च न्यायालयात जा, दोन हजार रुपये अनामत भरा, भ्रष्ट आचरणाचा आरोप फौजदारी खटल्याच्या तोडीच्या पुराव्याने शाबीत करा. सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रयत्न व्हावा! इतकी वर्षे वकिली करूनही या दोन शब्दांचा अर्थ मला कोणा अशिलाला समजावून सांगता आलेला नाही.

समर्थक : विलंबाचे दुखणे खरे, पण त्याचे निदान मी वेगळे करतो. आपण ते यंत्रणेच्या सुस्तीत शोधता, मला ते शिक्षेच्या मापात दिसते. हिशेब न ठेवणाऱ्याला जुन्या दंडसंहितेत शिक्षा होती ५०० रुपयांपर्यंत दंडाची. नव्या न्याय संहितेत ती ५,००० झाली. त्याच्या पुढची पायरी एकदम तीन वर्षांची अपात्रता, किंवा निवडणूकच रद्द. मध्ये काही नाही. लाखो मतदारांनी निवडून दिलेला मनुष्य एका जाहिरातीच्या बिलापायी घरी पाठवायचा, असा प्रश्न समोर आला की कोणताही न्यायाधीश दहादा विचार करणार, आणि त्याने करावाही. शिक्षा जितकी घोर तितका पुरावा काटेकोर, आणि पुरावा जितका काटेकोर तितक्या तारखा अधिक. अमेरिकेतल्या काही शहरांनी यावर एक तोड काढली आहे. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी १९९० मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९९३ मध्ये कौल देऊन नगरपालिकेच्या पातळीवर स्वतंत्र नीती आयोग स्थापले. प्रत्येकी पाच सभासद. वर्गणी आणि खर्च यांच्या तक्रारी तिथे येतात. कर्मचारी प्राथमिक छाननी करतात. तथ्य दिसले तर चौकशी, मग सकृद्दर्शनी कारण आहे की नाही याचा निर्णय, आणि मग सुनावणी. शिक्षा म्हणजे दंड, सॅन फ्रान्सिस्कोत दर उल्लंघनाला पाच हजार डॉलरपर्यंत किंवा दडवलेल्या रकमेच्या तिप्पट, यांपैकी जे अधिक असेल ते. पुष्कळ प्रकरणे सुनावणीपर्यंत जातच नाहीत. कसूर कबूल करून, दंड ठरवून, लेखी तडजोड होते आणि ती सर्वांना वाचता येते. कोणाची खुर्ची जात नाही, म्हणून कबूल करण्याची भीतीही तेवढी राहत नाही. आपल्याकडे पेडणे, डिचोली, साखळी यांच्या नगरपालिकांना आणि पंचायतींना असे काही असते, तर चारशे खुर्च्या दीडशे म्हणून दाखवणाऱ्याचा निकाल महिन्याभरात लागला असता.

शंकाकार : लागला असता, आणि पुढल्या खेपेस त्याने दंडाची रक्कम खर्चाच्या अंदाजपत्रकातच धरली असती. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला दंड म्हणजे जकात. भरली की माल पुढे जातो. अपात्रतेचे भय जरी कधीकाळी खरे होत असले, तरी त्या भयाने माणूस निदान चोरी लपवतो. जकातीने तो ती उजळ माथ्याने करू लागेल. पण हा आक्षेप मी ताणत नाही, कारण त्याहून मोठा पुढे आहे. त्या पाच जणांना नेमते कोण? सॅन फ्रान्सिस्कोत एकाला महापौर नेमतो, एकाला नगरमंडळ, आणि उरलेल्या तिघांना तिथला नगर-अभियोक्ता, जिल्हा सरकारी वकील आणि करनिर्धारक. यांपैकी कोणीही सहसा दुसऱ्याच्या मेहेरबानीवर पदावर आलेला नसतो, आपापली मते मागून आलेला असतो. आपल्याकडे पाच स्वतंत्र दारे आहेत कुठे? मार्च २०२१ मध्ये पेडणे आणि डिचोलीसह सहा नगरपालिका आणि पणजी महानगरपालिका यांच्या निवडणुका झाल्या, त्या वेळचे आठवते ना? राज्य निवडणूक आयुक्ताचे पद कोणाकडे होते? सरकारच्या विधी सचिवाकडे, अतिरिक्त कार्यभार म्हणून! ज्याने सकाळी सरकारला सल्ला द्यायचा त्यानेच दुपारी त्याच सरकारच्या पक्षाविरुद्ध आलेल्या फिर्यादी ऐकायच्या. लोकायुक्ताची कथा आणखी निराळी. न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त झाले ते, स्वतः दिलेल्या एकवीस अहवालांपैकी एकाचीही अंमलबजावणी झाली नाही असे सांगून, आणि ही संस्था बंदच करावी असे मत देऊन. नेमणूक सरळ, माणूस कर्तबगार, अहवाल तयार. आणि सगळे कपाटात.

समर्थक : विधी सचिवाची ती नेमणूक टिकली नाही, हे सांगायचे आपण विसरलात. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी नोकरीत असलेल्या मनुष्याला राज्य निवडणूक आयुक्त करता येणार नाही असा स्पष्ट हुकूम दिला, आणि तो गोव्यापुरता राहिला नाही, साऱ्या राज्यांना लागू झाला. गोव्याच्या पाच नगरपालिकांच्या आरक्षणावरून उठलेल्या भांडणाने देशाला नियम मिळाला. आणि आपल्याच इतिहासात त्याहून जुने एक उदाहरण आहे, त्याचा आपल्याला आणि मला दोघांनाही विसर पडला आहे : गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापूर्वी, सत्तेवर राहून कौल घेतला तर तो निःपक्षपाती होणार नाही म्हणून केलेल्या मागणीपुढे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या बाजूचे असोत वा विरुद्ध बाजूचे, त्या कौलाच्या निकालाविषयी लोक आजही भांडतात. पण तो घेणाऱ्याच्या पक्षपाताविषयी फारसे भांडत नाहीत. लोकायुक्ताचे म्हणाल, तर त्यांच्या हाती शिफारस होती, हुकूम नव्हता. मी मागतो तो हुकूम करणारा आयोग, मग तो तीनच सभासदांचा का असेना.

शंकाकार : ठीक आहे, नेमणुकीचा प्रश्न सुटला असे क्षणभर धरू. आता मला एवढेच सांगा, की आपला आयोग तक्रार आल्याचे जाहीर केव्हा करणार? सॅन फ्रान्सिस्कोत सकृद्दर्शनी कारण ठरेपर्यंत चौकशी गुप्त राहते. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच. नुसत्या आरोपाने कोणाची अब्रू जाऊ नये. पण मतदाराला त्या माहितीची गरज असते ती मतदानापूर्वी. गुप्त ठेवाल तर मतदार अंधारात मत देणार. उघड कराल तर मतदानाच्या आदल्या रात्री खोट्या तक्रारींचा पाऊस पडणार, आणि केरी-तेरेखोलसारख्या पंचायतीत, जिथे प्रभागातली मते बोटांवर मोजण्यासारखी असतात, एका तक्रारीने निकाल फिरणार. तक्रारीची बातमी तक्रारदार स्वतःच व्हॉट्सॲपवर फिरवतो, ते वेगळेच.

समर्थक : मग दोन कामे दोन टेबलांवर करावीत. एका टेबलावर छाया नोंदवहीचे आकडे, निवाडा न देता, टीका न करता, रोजच्या रोज लावून टाकावेत. आज या उमेदवाराने इतक्या खुर्च्या मांडल्या, त्याने कबूल केल्या इतक्या, आमच्या मते इतक्या. दुसऱ्या टेबलावर फिर्याद, सावकाशीने, दोन्ही बाजू ऐकून. शिक्षा करणे आणि लोकांना माहिती देणे ही दोन कर्तव्ये आपण आजवर एकाच कारकुनाच्या गळ्यात बांधली, आणि शिक्षेच्या भीतीने माहिती दाबली जाते किंवा माहितीच्या घाईने शिक्षा कच्ची होते, हे मला या बोलण्यातूनच उमगते आहे.

शंकाकार : आकडे लावून टाकलेत तरी त्यांचा निवाडा लोक करतीलच, चारशे नि दीडशे शेजारी शेजारी लिहिले की वाचणाऱ्याला आणखी काय सांगावे लागते? तरीही आपले हे म्हणणे मला सर्वांत कमी अग्राह्य वाटते, कारण त्यात निदान कोणाची नेमणूक करावी लागत नाही. पण तारखा पाहा. २०२२ चा निकाल लागला १० मार्चला, मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला २८ मार्चला, आणि निवडून आलेल्यांचे हिशेब द्यायची मुदत होती एप्रिलपर्यंत. राज्याचे मंत्रिमंडळ बनून कामाला लागले तेव्हा त्यातल्या एकाचाही अंतिम हिशेब कायद्याने मागता आला नसता. आपले दुसरे टेबल कितीही लवकर उघडले तरी ते सरकार बनल्यावरच उघडणार.

समर्थक : मुदत दहा दिवसांची करा. वही रोजची रोज लिहिलेली असते. बेरीज करायला तीस दिवस कशाला हवेत?

शंकाकार : मंडपवाला आणि आचारी आपली बिले दहा दिवसांत देतात असे आपल्याला वाटते, त्या अर्थी आपण पेडण्यात अलीकडे लग्न केलेले दिसत नाही. बिल हाती नसताना मांडलेला आकडा अंदाजाचा असणार, आणि अंदाजाच्या आकड्यावर सही केली की तोच उद्या खोटा हिशेब म्हणून आपल्या आयोगापुढे येणार. मुदत लांबवली तर सरकार आधी बसते. आखडली तर प्रामाणिक माणूसही कात्रीत सापडतो. यातले कोणते नुकसान आपण पत्कराल?

समर्थक : पहिले मी पत्करणार नाही. दुसऱ्याचा मला विचार करावा लागेल.